लग्नाचं पान

इतिहास घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलाला घरचे काय विचारतील याचा नेम नसतो. मला त्यांनी लग्न कसं लावायचं ते विचारलं.

छप्पन साली आमच्या वस्तीनं नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली. घरातले देव गेले, अंगारे-धुपारे गेले, आणि पुढच्याच उन्हाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं. त्रिशरण-पंचशील सगळ्यांना पाठ होतं. पण त्यानंतर काय? कोणी काय म्हणायचं, कोणी कुठं उभं राहायचं? गावी, वडनेरला, आमच्यात कुणालाच नक्की सांगता येईना.

"तू जुना जमाना शिकून राह्यला न," वडील म्हणाले, "मंग तुलेच माहीत असन. पुस्तकात पाहून येजो."

मी हो म्हणून वर्ध्याला परतलो. तिथंच माझी शांतता संपली.

नालवाडीत माझी भाड्याची खोली होती. परीक्षा महिन्यावर आलेली, आणि माझं बूड काही केल्या टेकेना. राजघराण्यांचा क्रम पाठ करायला बसावं, तर मध्येच बहिणीचा मांडव दिसायचा आणि मांडवात सगळे माझ्या तोंडाकडे बघत असायचे. मग उठायचं, चार येरझारा घालायच्या, परत बसायचं, परत उठायचं. शेवटी सायकल काढून कॉलेजची लायब्ररी गाठायची. तिथले प्राचीन काळावरचे एकूण एक इंग्रजी ग्रंथ मी चाळले. राजे होते, स्वाऱ्या होत्या, करवसुली होती, राजाचा हत्तीखानासुद्धा होता. साध्या माणसाचं लग्न कसं लागायचं, याची एक ओळ नाही. मला त्या विषयाचाच राग आला. त्या काळी काय घरोघरी राजेच जन्माला येत होते?

आमचे प्राध्यापक कुठल्याही विधानावर टेबलावर पेन्सिल ठोकून "पुरावा?" असं विचारायचे. धीर करून त्यांना गाठलं. प्रश्न ऐकून ते म्हणाले, "हे परीक्षेला येत नाही." मग, माझा चेहरा बघून असेल, पुढं म्हणाले, "दान देणाऱ्या कुंभार-सुतारांची नावं लेण्यांत सापडतात. लग्नाचं मात्र कोणी दगडावर कोरून ठेवत नाही."

पेपर कसेबसे दिले. रिकाम्या हातानं घरी जायची लाज वाटली, म्हणून लायब्ररीतला सगळ्यांत जाड ग्रंथ पिशवीत घातला आणि गाव गाठलं.

बहीण अंगणात तूर पाखडत होती. तिला खरं ते सांगून टाकलं.

"काईच नाई सापडलं?"

"काईच नाई."

तिनं सूप खाली ठेवलं. "मंग बरंच झालं. मले मांडवात बोलू द्या. पोरगा पाह्यला, तारीख ठरवली, पन मले कोनी इचारलं नाई. चार लोकाइसमोर एकदा मले इचारा."

"तिकडचे ऐकतीन?"

"पुस्तकात हाये म्हनून सांग."

ही बया चौथी शिकलेली. मी बी.ए.चा विद्यार्थी, आणि मला घाम फुटला. नवरदेव केळझरकडचा मास्तर, पण लहानपणी वडील वारल्यामुळे मामानंच वाढवलेला. मामाचा शब्द त्या घरात शेवटचा, आणि मामा म्हणजे नाकावर राग. नवरी मांडवात बोलते म्हणून वरात माघारी गेली असती, तर तिचं पुन्हा कुठं जमणार होतं? आणि ती गप्प बसून सासरी गेली असती, तर जन्मभर गप्पच बसली असती. इकडे आड, तिकडे विहीर. लग्नापर्यंतचे आठ दिवस मी धड जेवलो नाही.

लग्नाच्या दिवशी त्रिशरण-पंचशील झालं आणि सगळे माझ्याकडे वळले. मी ग्रंथ उघडला. समोर हत्तींच्या चाऱ्याचं पान आलं. त्यावर नजर ठेवून मी मोठ्यानं म्हणालो, "आता नवरदेवानं इचाराचं, आन् नवरीनं सगळ्याइसमोर उत्तर द्याचं."

"पोरगी मांडवात बोलन?" मामा उठलेच. "हे पुस्तकात हाये?"

"हाये, मामाजी."

"कोन्त्या ओळीत? दाखव."

मी बोट ठेवलं. मान वर केली नाही. मामांना अक्षर येत नव्हतं, पण माणूस कळत होता. त्यांनी माझ्या हातातून ग्रंथ घेतला आणि भाच्यापुढं धरला. "तू वाच. तुले इंग्रजी येते."

नवरदेव मॅट्रिक झालेला आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. राजांच्या नादात मीच, मास्तर म्हणजे मराठी सातवी पास, असं धरून चाललो होतो.

तो वाचायला लागला. सावकाश, ओळीखाली बोट फिरवत. वडील माझ्याकडे बघत होते. बहीण माझ्याकडे बघतच नव्हती, ती त्याच्याकडे बघत होती. त्याचं बोट हत्तींवर थांबलेलं मला स्पष्ट दिसलं. त्यानं पान शेवटपर्यंत वाचलं.

"बरोबर हाये, मामाजी," तो म्हणाला. ग्रंथ मिटून माझ्याकडे दिला आणि बहिणीकडे वळला. "तुमाले हे लगन कबूल हाये का? सांगा."

बहीण उभी राहिली. तिचा आवाज मांडवाबाहेरच्या बैलांपर्यंत गेला असेल.

"कबूल हाये. आन् पुढं घरात काई ठरवाचं असन, त मले असंच इचारजा."

मामा माझ्याकडे फिरले. "हेबी पुस्तकात हाये?"

मी तोंड उघडायच्या आत नवरदेवच म्हणाला, "हाये."