धुऊन ठेवलेले रॅक

मी करारनामे लिहिते. जमिनीचे नाहीत, घराचे नाहीत. डहाणूतली आमची छोटी संस्था गावोगाव जी कामं करते, त्यांचे. कोण काय देणार, कोण काय सांभाळणार, आणि शेवटी माझं लाडकं कलम: देखरेख कोणी, कधी आणि कशी करायची. त्या कलमापाशी आलं की भले भले जांभया द्यायला लागतात. माझा नवरा म्हणतो, "हे पान उशाशी ठेवलं की झोपेची गोळी नको." म्हणू दे. काम झालं की नाही हे शेवटी त्याच पानावरून कळतं, आणि ते पान लिहावं तर मीच, अशी माझी जरा ताठच समजूत होती. ती एका बाईनं उतरवली. तिचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते मी चारचौघांत सांगते.

सायवनकडच्या पाड्यांत आमचं शेळ्यांचं काम होतं, तेव्हा मी देखरेखीचा एक तक्ता बसवला होता. दर चार आठवड्यांनी सोमवारी भेट. भेटीत डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं. फोटो चालणार नाहीत, कारण फोटोत शेजाऱ्याची शेळीही आपलीच दिसते. लागोपाठ तीन भेटींत निम्म्याहून कमी वापर दिसला, तर दिलेलं परत. दोन वर्षं चोख चाललं ते. शेळीचं काय, ती सोमवारीही शेळीच आणि गुरुवारीही शेळीच.

मग चिखल्याच्या बाजूला, किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार वस्तीत आम्ही मासळी सुकवायचे रॅक दिले. कमरेइतके उंच, लोखंडी चौकट, वर जाळी. जवळा, म्हणजे ती बारीक कोळंबी, वाळूवर पसरला की त्यात वाळू जाते, कुत्री तोंड घालतात. जाळीवर पसरला की वरून ऊन, खालून वारा, माल स्वच्छ. चाळीस रॅक आणि वीस बायकांचा गट. करार लिहायला मला मिळाला एक दिवस. मी काय केलं? शेळ्यांचा करार उघडला आणि 'शेळी'च्या जागी 'रॅक' घालत गेले. इतक्या घाईत, की एका ओळीत 'प्रत्येक रॅकच्या कानात क्रमांकाचा बिल्ला असेल' असं राहून गेलं. ते आमच्या अध्यक्षांनी वाचलं, देणगी देणाऱ्या मुंबईच्या ऑफिसातल्या साहेबांनी वाचलं आणि सगळ्यांनी खाली सह्या ठोकल्या. वाचलं म्हणजे काय वाचलं, ते समजून घ्या.

गटाची प्रमुख साठीच्या पुढची बाई होती. डहाणूच्या बाजारात टोपली घेऊन सगळा जन्म बसलेली, त्यामुळे मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत भांडू शकणारी. मी तिला मावशी म्हणायची, ती मला मॅडम. करारावर सही करताना तिनं विचारलं होतं, "यात आमचं काय लिहिलंय?" मी म्हटलं, "रॅक वापरायचे, बस." ती म्हणाली, "ते तर वापरणारच की." आणि तिनं जपून, एकेक अक्षर काढत सही केली.

दिवाळीनंतर पहिल्या भेटीला गेले. रिक्षातून उतरले तर रॅक धुऊन, घासून, कुडाला टेकवून रांगेत उभे. एकाही रॅकवर खवलं नाही. मावशीनं खुर्ची पुसून दिली, चहा दिला, वर चिकू कापून दिले. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून बसल्या होत्या. "मॅडम, बघा कसे ठेवलेत!" मी बघितलं, आणि तक्त्यात लिहिलं: वापरात शून्य.

दुसऱ्या भेटीला तेच. तिसऱ्या भेटीला तेच, फक्त चिकूंच्या जागी पोहे. आता मात्र माझं डोकं फिरलं. मनात म्हटलं, वा रे वा, फुकट मिळालं म्हणून शोभेला मांडून ठेवलंय! चहा मात्र दोनदा घेतला. ऑफिसात येऊन तिसरा अहवाल लिहिला: 'रॅक धुऊन ठेवलेले. वापराची चिन्हं नाहीत. करारानुसार कारवाई व्हावी.' आणि पाठवून दिला.

आठवड्याभरात मुंबईहून पत्र आलं. पंधरा दिवसांनी, गुरुवारी, ट्रक येईल. चाळीसही रॅक उचलून खाली दक्षिणेकडच्या दुसऱ्या एका गावाला द्यायचे. पत्र गटप्रमुखाच्या हातात देऊन पोच घ्यायची, हेही माझंच कलम. म्हणून मी बुधवारी गेले. सोमवार सोडून त्या वस्तीत मी पहिल्यांदाच जात होते.

पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे रॅक मांडलेले, त्यांवर जवळा, मांदेली, कसली कसली बारीक मासळी. बाजूला दोऱ्यांवर बोंबील लटकलेले. बायका टोपल्या घेऊन पाण्याकडून पळत येत होत्या, ओतल्या की पुन्हा परत. साड्या चिखलानं भरलेल्या. माझ्याकडे कोणी बघेना. मी पत्र हातात धरून उभी.

मावशीला मी दिसले. "आज कशाला आलात, मॅडम? आज उधाण आहे. भांगात या ना, नेहमीसारख्या."

मला कळेना. माझं घर स्टेशनच्या पूर्वेला. समुद्र मी आयुष्यभर बघितला तो संध्याकाळी भेळ खाता खाता. मावशीनं हातातलं काम न थांबवता मला समजावलं. पौर्णिमा-अमावास्येला पाण्याला जोर असतो, ते उधाण. तेव्हा होड्या जाळी लावतात आणि ओढीचं पाणीच मासळी जाळ्यात ढकलतं. अष्टमीच्या आगेमागे पाणी मरगळतं, तो भांग. तेव्हा होड्या किनाऱ्याला, जाळी दुरुस्तीला, आणि रॅक धुवायला.

मी तिथंच बोटं मोजली. माझे चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस. चंद्राला फेरी मारायला साडेएकोणतीस लागतात. म्हणजे एकदा भांगात पाऊल पडलं की माझा तक्ता मला पुढच्या दोन-तीन खेपा तरी भांगातच नेणार. दशमी, नवमी, सप्तमी. तिन्ही सोमवार मी बरोबर रिकाम्या पाण्यावर गेले होते.

"अहो, मग पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का?" मी चिडलेच. चूक आपली असली की मला आधी दुसऱ्यावर राग येतो, ही जुनी खोड.

"काय सांगायचं? आम्हाला वाटलं, मॅडम किती समजूतदार. कामाच्या दिवशी येऊन खोळंबा करत नाहीत, नेमका भांग बघून येतात. मीच सगळ्यांना सांगितलं, रॅक चकाचक ठेवा गो, तपासायला येणाऱ्या बाईला घाण दिसायला नको."

मी पत्र पुढे केलं. तिचे हात ओले होते. "वाचून दाखवा," म्हणाली. मी पत्र वाचलं. सोबत माझा अहवाल जोडलेला होता, तोही वाचावा लागला. 'धुऊन ठेवलेले' हे शब्द मी भरभर वाचून टाकले.

एक तरुण बाई जवळा पसरता पसरता थांबली होती. तिनं विचारलं, "धुतले म्हणून नेताय?"

मावशीनं पत्र एका डब्याखाली ठेवलं आणि टोपली उचलून पाण्याकडे गेली, कारण मासळी कोणासाठी थांबत नाही. त्या दिवशी मला कोणी चहा विचारला नाही, आणि मी तरी तो कुठल्या तोंडानं प्यायले असते? रिक्षात बसल्यावर मला रडू कोसळलं. लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दुपारी मुंबईच्या साहेबांना फोन लावला. उधाण, भांग, चंद्र, सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "पण मॅडम, तीन भेटी झाल्यात."

"मी फोटो पाठवते."

"फोटो चालत नाहीत. तुम्हीच लिहिलंय. छान लिहिलंय."

माझ्याच हातानं मी गाठ मारली होती, आणि आता ती सोडवायला नखही शिरत नव्हतं. शेवटी म्हटलं, "मग तुम्ही स्वतः ट्रकबरोबर या. एवढं तरी करा." ते येतो म्हणाले. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून जन्मात पहिल्यांदा तिथ्या नीट वाचल्या. तो गुरुवार अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी येत होता. मावशीला फोन करून म्हटलं, "त्या दिवशी रॅक रिकामे करू नका हं."

"उधाणात रॅक रिकामे करायला मला काय वेड लागलंय?" तिनं फोन ठेवून दिला.

गुरुवारी साहेब पांढरे बूट घालून आले. कोणी खुर्ची दिली नाही, चहा तर दूरच. ते रॅकच्या मधल्या वाटेत उभे राहिले, तोच मावशी भरली टोपली घेऊन आली. "बाजूला हो रे बाबा, वाटेत काय उभा राहतोस?" साहेब बाजूला झाले ते थेट चिखलाच्या डबक्यात. ट्रकचा ड्रायव्हर उंबरगावकडचा गुजराती माणूस. त्यानं एका रॅकला हात घातला, वरचा जवळा बघितला आणि हात काढून घेतला. "हजी भीनुं छे, साहेब." अजून ओलं आहे म्हणाला.

मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "न्या की. आम्ही अडवत नाही, कागदावर सही आहे आमची. फक्त माल सुकू दे. या मांदेलीला तीन दिवस लागतील. तोवर दुसरी होडी येईल, मग तिचे तीन. बसा."

साहेबांनी रॅक मोजले. मग पुन्हा मोजले. चाळीसच्या चाळीस भरलेले. त्यांनी विचारलं, "तुम्ही हे आधी आम्हाला का कळवलं नाही?"

"तुमच्या कागदावर आम्हाला सही करायला जागा होती," मावशी म्हणाली, "बोलायला कुठं होती?"

साहेबांनी हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला. माणूस वाईट नव्हता, माझ्यासारखाच कागदातला होता. ट्रक त्यांनी परत पाठवला. ड्रायव्हर मात्र रिकाम्या हातानं गेला नाही, मावशीनं त्याला बोंबलांची जुडी दिली. पण रॅक अजून वाचले नव्हते. साहेब म्हणाले, "नवा तक्ता करा, दोघांच्या सह्या घ्या. तीन भेटी नव्यानं मोजू. अट तीच." वर हेही ठरलं, की काही मोडलं-फाटलं तर संस्था दुरुस्त करून देईल, पण ते अहवालात आलं तरच.

पुढच्या भांगात आम्ही वाळूवर पालथ्या क्रेटवर कागद ठेवून नवं कलम लिहिलं. भेटी उधाणात, द्वितीयेला किंवा तृतीयेला. कानातला बिल्ला काढला. त्यावर बायका इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना. मग मावशी म्हणाली, "आणखी एक घाल. तू जे लिहिशील ते पाठवायच्या आधी आम्हाला वाचून दाखवायचं." मॅडमची मी 'तू' कधी झाले, ते माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

"मावशी, असं कुठल्याच करारात नसतं."

"मग या करारात असू दे."

घातलं. आज मी जिथे जिथे करार लिहिते, तिथे ते कलम असतं, आणि ते माझं नाही हे मी दर वेळी सांगते. तिला मला वाळूत बसवून झापता आलं असतं. तिनं झापलं नाही, मला माझं काम शिकवलं. इतकं कोण कोणासाठी करतं? माझ्या गुरुजींच्या रांगेत मी तिला बसवलंय, आणि ती रांग काही फार लांब नाही.

पहिली नवी भेट झाली. उधाण जोरात होतं. पण वाऱ्यानं तीन रॅकच्या जाळ्या फाटल्या होत्या, ते कुडाला टेकवून ठेवलेले. कुडाला टेकवलेले रॅक बघून मला माझं जुनं 'शून्य' आठवलं. यांना पुन्हा काही व्हायला नको, आपण आधीच पुरतं नुकसान केलंय, असं वाटलं आणि मी तक्त्यात लिहिलं: चाळीस वापरात. मग करारानुसार वाचून दाखवलं.

मावशी म्हणाली, "चाळीस कुठं? तीन फाटलेत."

"अहो, असू दे. तुमच्यासाठीच लिहिलंय."

"माझ्यासाठी?" तिनं हातातली टोपली खाली ठेवली. "तू फाटले लिहिलं नाहीस, तर जाळी कोण पाठवणार, बाय?"

मी चाळीस खोडलं. सदतीस लिहिलं, आणि खाली 'तीन रॅकच्या जाळ्या फाटलेल्या' असं लिहिलं. तिनं मला ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मग हात पदराला पुसले, जपून सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"आता पाठव," म्हणाली.