विहिणीच्या पंगतीतला मांडा

त्या उन्हाळ्यात कोणी खुशाली विचारली की मी एका दमात सांगून मोकळी व्हायची. अकोल्यात भाड्याच्या दोन खोल्या आहेत, नवरा जिनिंगवर रखवालदार आहे, लेक बरी आहे आणि मी मांडे करते. कपाशीनं वर्षामागून वर्षं दगा दिला, तेव्हा वावर बटईनं देऊन आम्ही गाव सोडलं होतं.

मांडे मला आईनं शिकवले. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरायचा आणि चुलीवरच्या उलट्या खापरावर अलगद टाकायचा. हे जमणारी बाई लग्नाच्या आचाऱ्यांना सहजी मिळत नाही. मला कधी पातूरचं बोलावणं यायचं, कधी परतवाड्याचं. खापर गोधडीत गुंडाळून मांडीवर घ्यायचं आणि एसटीत बसायचं. कंडक्टर विचारायचा, लेकरू आहे काय? मी हो म्हणायची.

हे माझ्या थोरल्या जाऊबाईंना झोंबलं. भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, अमरावतीला नोकरीत, घरात सगळं टापटीप. लोकांच्या चुलीपाशी बसणारी बाई आमच्या घरची नाही, असा निरोप त्यांनी धाडला. तेव्हापासून येणंजाणं तुटलं. त्यांच्या लेकीला मी अंगाखांद्यावर खेळवलं होतं, तिचीही भेट बंद झाली.

आणि त्याच उन्हाळ्यात आचाऱ्यानं मला अमरावतीच्या एका लग्नाला नेलं. कार्यालयाच्या दारावर फुलांची पाटी होती, तिच्यावर नवरीचं नाव वाचलं आणि माझे पाय थबकले. आमचीच पोर, जाऊबाईंची लेक. लग्न ठरल्याचं मला कोणी कळवलंसुद्धा नव्हतं. परत फिरावंसं वाटलं, पण लगेच वाटलं, का म्हणून? आज इथंच उट्टं काढायचं. मला त्यांचं मानाचं लुगडं नको होतं. सख्खी काकू म्हणून चारचौघींत एकदा माझं नाव घेतलं जावं, एवढंच हवं होतं, आणि ते जाऊबाईंना नाक मुठीत धरून करावं लागावं.

जाऊबाई स्वयंपाकाकडे आल्या, मला पाहून पांढऱ्या पडल्या.

"आली आहेस तं गुपचूप काम कर," त्या हळूच म्हणाल्या. "पाव्हन्यायले काही सांगू नको."

मी मान डोलावली आणि उंडे भरायला घेतले. असे मांडे मी आयुष्यात केले नव्हते. आरपार दिसावं इतके पातळ, कुठे चीर नाही. रागानं हात कधी कधी फार चांगले चालतात.

विहिणीची पंगत बसायची वेळ झाली. नवरदेवाची आई मांडे पाहायला स्वतः चुलीपाशी आली. जाऊबाई मागोमाग धावल्या.

"बाहेरून बाई सांगतली आमी," त्या म्हणाल्या.

मी हातातला मांडा खापरावर टाकला आणि उभी राहिले.

"बाहेरची नाई. पोरीची सख्खी काकू आहो मी. मले पत्रिका नाई आली, ऑर्डर आली."

विहीणबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जाऊबाईंकडे. बाई खमकी होती. लग्नघरात विहिणीचा शब्द खाली पडत नाही, हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"काकू चुलीपाशी अन् मी पाटावर? असं कसं जमते?" ती म्हणाली. "मांडे आता तुमी करा, ईनबाई. काकू माह्या शेजारी बसते."

जाऊबाईंचं तोंड उतरलं. नाही म्हणावं तर विहीण रुसून उठते, लग्नाचा विचका होतो. त्यांनी पदर खोचला. मी हात धुऊन पाटावर बसले. नवरीनं लांबून मला पाहिलं आणि जागची उठून पाया पडायला आली. तिच्यावर माझा राग नव्हताच.

जाऊबाईंचा पहिला मांडा हातातच फाटला. दुसऱ्याचं पुरण खापरावर सांडून जळालं, धूर डोळ्यांत गेला. सगळ्या बायका माना वळवून बघत होत्या. तिसरा कसाबसा माझ्या ताटात आला, एकीकडे जाडजूड, एकीकडे करपलेला. मला मनापासून आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आमरसात बुडवून मी तो सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. जाऊबाई घामानं भिजून समोर उभ्या होत्या. मी ताट पुढे केलं.

"आनखी एक वाढा, बाई."