अंगठा सोडून

आमच्या वस्तीला सोलापुरात आजही सेटलमेंट म्हणतात. इंग्रजांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि इथे तारेच्या कुंपणात ठेवले, तेव्हापासूनचे हे नाव आहे. कुंपणातल्या माणसांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. हजेरी म्हणजे शाईत बुडवलेला अंगठा. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी तार निघाली. आजोबांना मात्र अंगठा धोतराला पुसायची सवय शेवटपर्यंत राहिली.

आत्या ही त्यांची धाकटी मुलगी. शहरातल्या एका शाळेत ती सेविका होती. स्वतः शाळेत गेली नव्हती, पण सही करायची. मी तिसरीत असताना तिने माझ्याच पाटीवर ती गिरवली होती. आपल्यातल्या कुणी पुन्हा अंगठा द्यायचा नाही, असे आजोबांनी तिला बजावले होते.

तिच्या निवृत्तीला चार वर्षे राहिली असताना शाळेत हजेरीचे यंत्र बसले आणि मस्टर बंद झाले. आत्याने अंगठा लावायला नकार दिला. तीन दिवस ती वर्ग झाडत होती आणि यंत्राच्या हिशेबी गैरहजर होती. चौथ्या दिवशी हेडक्लार्क तिला म्हणाले, "पालकांना घेऊन या." पालक म्हणून मी गेलो. तेव्हा मी एका दैनिकात उपसंपादक होतो.

"मावशी, दोन सेकंदांचं काम आहे," हेडक्लार्क म्हणाले. "सगळ्या मॅडमनी दिला की अंगठा."

"मॅडमच्या बापानं दिला न्हवता," आत्या म्हणाली. "माज्या बापानं दिलाय. मला सही येती. सही घ्या."

"यंत्राला सही वाचता येत नाही."

"मग ते अंगठाछापच की."

हेडक्लार्क हसले. मग त्यांनी सांगितले, की आठवडाभरात नोंद झाली नाही तर सेवेत खंड पडेल. खंड पडला की पेन्शन अडते, हे आत्याला ठाऊक होते. 

मी मूळ परिपत्रक मागितले. हेडक्लार्कनी ते फाइलमधून काढून दिले. त्यात 'अंगठा' हा शब्दच नव्हता. 'कोणत्याही एका बोटाचा ठसा' असे लिहिले होते. अंगठा शाळेने गृहीत धरला होता.

आत्याने ते वाक्य मला दोनदा वाचायला लावले.

"कुटलंबी बोट?"

"कुठलंही."

मी तिला आमच्या घरच्या बोलीत विचारले, की बोट झाले तरी ठसा तो ठसाच, चालेल का तुला? त्या बोलीला लिपी नाही आणि शाळेच्या फॉर्मवर आमची मातृभाषा मराठीच लिहिलेली असते. हेडक्लार्कना आमची बोली कळत नव्हती. आत्याने त्याच बोलीत जे उत्तर दिले ते मराठीत साधारण असे होईल: तेव्हा अंगठा शिपाई धरायचा, हे बोट माझे मी ठरवीन.

तिने करंगळी पुढे केली.

"मावशी, पोरं लघवीला जायला दाखवतात ती?"

"व्हय, तीच."

यंत्राने करंगळी दोनदा नाकारली. तिसऱ्यांदा हिरवा दिवा लागला. आधीचे तीन दिवस हेडक्लार्कनी रजेत धरले.

चार वर्षे आत्याने रोज करंगळी लावली. "मावशी, जाऊन आलात का?" असे शिक्षिका विचारायच्या. "आले की," ती म्हणायची आणि झाडू उचलायची.

सेवेत खंड पडला नाही. निवृत्तीचे कागद भरायला मी सोबत होतो. शेवटच्या पानावर खाली 'सही किंवा अंगठा' असे छापलेले होते. ते मी तिला वाचून दाखवले आणि कुठे सही करायची तिथे बोट ठेवले.

"यातलं अंगठा कुटलं?" आत्याने विचारले.

मी शब्द दाखवला. तिने आधी तो खोडला, मग सही केली.