मनाची गोली

नवघरच्या मासळीबाजारात ती दाराजवळच बसते. नाव कधी विचारलं नाही. सगळ्यांसारखी मीही मावशीच म्हणते. वर्षभरात चांगलीच सुटलीये. बांगड्या मनगटात रुतायला लागल्या, तशी कासाराकडून मोठ्या मापाच्या भरून आली.

परवा ऐन गर्दीत एक बाई म्हणाली, "मावशी, किती जाड झालात! भात सोडा."

कोयता चालूच ठेवून मावशी खणखणीत आवाजात म्हणाली, "मनाची गोली खाते, बाय. तिच्यान वजन वाढतंय. बारीक होते तवा सगली बोलायची, काय मस्त दिसतेस! तवा मना जगायचाच नव्हता."

मी थक्क झाले. जे मी नवऱ्याशीसुद्धा कुजबुजत बोलते, ते हिने बोंबलांच्या भावासारखं भर बाजारात सांगून टाकलं होतं.

गर्दी पांगल्यावर मी हळूच म्हटलं, "मावशी, मीपण खायचे. जीन्स होईनात म्हणून बंद केली."

"डाक्तरला इचारून?"

मी नकारार्थी मान हलवली.

तिने कोयता खाली ठेवला, हात धुतला आणि बांगड्यांनी भरलेलं ते गुबगुबीत मनगट माझ्यासमोर धरलं.

"यो हात बघ. जाडा हाय. पन जिता हाय."