पौषातल्या अक्षता

ती घटना विसरून जावी म्हणून मी बरीच खटपट केली. पण पौष महिना दर वर्षी येतो, त्याला मी काय करणार? पौष लागला की घरात तीळ भाजायला घेतात आणि माझ्या नाकात मात्र हळदीचा वास येतो. निवृत्तीनंतर मला शाळा-कॉलेजांत माझे यशस्वी तपास सांगायला बोलावतात. हा तपास मी तिथे कधीच सांगितला नाही. यात खबर शंभर टक्के खरी होती, पुरावा अस्सल होता, आरोपीने एकही गोष्ट लपवली नव्हती, आणि तरीही तपास अधिकारी गाढव ठरला. तपास अधिकारी मीच होतो.

बालाघाट जिल्ह्यात, तिरोडीच्या बाजूला, मी एका ठाण्याचा प्रमुख होतो. एका अंगाला मँगनीजच्या खाणी, दुसऱ्या अंगाला जंगल, जंगलापलीकडे महाराष्ट्र. जिल्ह्यात नक्षलवाद्यांची धास्ती होती, त्यामुळे वरून रोज विचारणा व्हायची, 'काही हालचाल?' आणि मी रोज कळवायचो, 'निरंक.' महिनोन्महिने निरंक लिहून माणसाला स्वतःचीच शंका यायला लागते. त्या मनःस्थितीत असताना माझा खबऱ्या ठाण्यात आला.

हा माणूस बांगड्या विकायचा. वारासिवनीहून माल उचलायचा आणि मोपेडवर पेटी बांधून गावोगाव फिरायचा. कोणत्या घरात लग्न ठरलं आणि कोणत्या घरात मोडलं, हे त्याला भटजीच्या आधी कळायचं.

"साहेब, जंगलातल्या त्या वनगावात घरोघरी अक्षता वाटून राह्यले," तो म्हणाला.

"मग? लग्न असेल."

"पौषात?"

मी पेन खाली ठेवलं. पौषात आमच्याकडे कोणी लग्न काढत नाही.

"मी तं खूश झालतो ना साहेब. दिवसभर पेटी उघडून बसलो. एका बाईनं बांगडी घेतली नाही! म्हटलं, नवरी कोणती? त हासते. म्हटलं, नवरदेव कुठचा? त म्हणते, तुले काहून सांगू? पळसाच्या पानात हळदीचे तांदूळ, वरच्या वस्तीतलं एक घर सोडलं नाही. काहीतरी गडबड हाय."

दुर्दैवाने मी नुकताच एका प्रशिक्षणाला जाऊन आलो होतो. तिथे एका व्याख्यात्यांनी इंग्रजांविरुद्धच्या उठावांवर तास घेतला होता. उठावाआधी कुठे गावोगाव पोळ्या फिरल्या, कुठे झाडाची डहाळी फिरली, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांना अर्थ कळला तोवर उशीर झाला होता. मी वहीत लिहून अधोरेखित केलं होतं, 'साध्या वस्तूंकडे दुर्लक्ष करू नये.' गोऱ्या अधिकाऱ्याची चूक आपण करायची नाही, असा मी निश्चय केला. त्याच निश्चयाने मी त्याच्या खुर्चीत जाऊन बसतोय, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, मी ठसठशीत अक्षरात नोंद केली: 'सांकेतिक वस्तू फिरवून जमाव गोळा करण्याचा संशय.'

माझा हवालदार त्याच भागातला, निवृत्तीला टेकलेला. नोंद वाचून त्याने डोकं खाजवलं. "साहेब, अक्षत म्हंजे बोलावणं. एवढंच असन."

"बोलावणं कशाचं, हाच तर प्रश्न आहे, हवालदार."

"मंग विचारून येऊ का?"

त्या संपूर्ण प्रकरणात पोलिसांकडून आलेली ही एकमेव शहाणी सूचना. मी ती फेटाळली. विचारलं तर ते सावध होतील, असं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आणि एक महिला शिपाई घेऊन जीपने गावात पोचलो. रस्त्यातच सत्तरी ओलांडलेली एक बाई दिसली. सगळं गाव तिला मोठीमाय म्हणायचं. डोक्यावर टोपली, टोपलीत पानांच्या पुड्या आणि एक गंजलेलं पत्र्याचं नळकांडं. मी पंचनामा केला: 'हळद लावलेले तांदूळ, अंदाजे अर्धा शेर, पळसाच्या पानांत. पत्र्याचे नळकांडे एक, आत नकाशा असण्याची शक्यता.' आणि मोठीमायला जीपमध्ये बसवलं. वयस्कर बाईला चौकशीसाठी ठाण्यात आणायचं नसतं, तिच्या घरी जाऊन विचारायचं असतं. हे मी परीक्षेत मोठ्या झोकात लिहिलेलं होतं.

ती घाबरली नाही. फक्त म्हणाली, "बाराच्या आत मले परत आणून सोड."

बारा वाजता हल्ला, असा निष्कर्ष मी जीप वळायच्या आत काढला.

ठाण्यात चहा दिला आणि चौकशी सुरू केली.

"माय, हे तांदूळ कशासाठी?"

"बोलवाले."

"कुणाला?"

"गावाले."

"कशासाठी?"

"ठरवाले. गाव कोणाचं हाय ते."

मी हवालदाराकडे विजयी नजरेने पाहिलं. हवालदार बंद पंख्याकडे पाहत होता.

"आणि ठरवून काय करणार?"

"साहेबाचं राज संपवू."

माझं पेन थांबलं. "कुठल्या साहेबाचं? माझं?"

"तुह्यं कशाले? तू त दोन-तीन सालात बदलून जाशीन. गोऱ्या साहेबाचं."

"गोरा साहेब जाऊन जमाना झाला, माय. देश स्वतंत्र झाला."

"तुमच्याकडून गेला असन, बापू. आमच्याइथून कुठी गेला? ते नळकांडं उघडून पाहाय."

उघडलं. नकाशा नव्हता. घड्यांवर फाटलेला, टाइप केलेला एक इंग्रजी कागद होता. खाली अंगठा. अंगठा तिच्या आजेसासऱ्याचा. तीन पिढ्यांनी तो कागद जपला होता, पण त्यात काय लिहिलंय ते त्या घरातल्या कोणी पूर्ण ऐकलेलं नव्हतं.

"वाच," ती म्हणाली. चौकशी कोण करतंय हा प्रश्न त्या क्षणी निकालात निघाला.

मी एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. जंगलखात्याच्या कामासाठी अमुक कुटुंबाला इथे वसवण्यात येत आहे. हाक मारली की घरातल्या सगळ्यांनी लाकूडतोडीला यायचं. परवानगीशिवाय छप्पर बदलायचं नाही. घर आणि शेत साहेबांची मर्जी असेपर्यंत राहील.

"काय असेपर्यंत?"

"मर्जी."

"आणखी एकदा वाच."

मी परत वाचलं.

"मंग ते मर्जी कधी संपते ते लिहिलं हाय का?"

मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. "नाही, माय."

तिने कमरेच्या पिशवीतून दुसरा कागद काढला. गेल्या पावसाळ्याआधी छप्पर शाकारायला दिलेली परवानगी. कागद नवा, शिक्का आपल्या सरकारचा, आणि अट जवळजवळ शब्दशः जुनीच. ज्याने कुणी ती लिहिली त्याने बहुधा आधीच्या कागदावरून उतरवली असेल, आधीच्याने त्याच्या आधीच्यावरून.

"तुह्या घराचा कागद हाय?" तिने विचारलं.

"हौ," मी म्हणालो. ठाण्यात मी कधी असं बोलत नसे. ते आईशी बोलतानाचं उत्तर होतं.

"कोणाच्या नावानं?"

"माझ्या."

"माह्या घराचा हाच."

आता मला खरोखरच कुतूहल वाटायला लागलं होतं. वही बाजूला सारून मी विचारत सुटलो आणि ती सांगत गेली. वनग्रामाचं, म्हणजे जंगलखात्याच्या ताब्यातल्या गावाचं, साधं महसुली गाव होऊ शकतं. मग घरं आणि शेतं राहणाऱ्यांच्या नावावर होतात. त्यासाठी आधी ग्रामसभेने ठराव करावा लागतो आणि ग्रामसभेला गावातली निम्मी मोठी माणसं हजर लागतात. दोनदा सभा ठेवली, दोन्ही वेळा माणसं कमी पडली. लोक कामावर गेले. आज तिसरी खेप. आजही भरली नाही तर कागदपत्रं परत जाणार, असं पंचायतीच्या सचिवाने बजावलं होतं.

"मीटिंग म्हटलं त कोणी येत नाही," मोठीमाय म्हणाली. "सरकार बोलवते, ते जाते, पुन्हा बोलवते. पण अक्षत आली त कोण राह्यते घरी? दुश्मनाघरची आली तरी जा लागते. म्हणून म्या हळद भिजवली."

"मग आता माणसं येतील ना?"

"वरच्या टोल्याची येतीन. खालच्या टोल्याच्या पुड्या तू जप्त केल्या."

मी घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा वाजून गेले होते.

तपासात एक क्षण असा येतो की सगळे धागे जुळतात आणि अधिकाऱ्याच्या अंगावर काटा येतो. तो माझ्याही आला. जिल्ह्यात त्या दिवशी गावाचा घात करणारा माणूस खरोखरच होता, आणि तो माझ्या वर्दीत बसला होता.

जीप मी स्वतः चालवली. मोठीमायने टोपली मांडीवर घट्ट धरली होती. खालच्या टोल्यावर, म्हणजे ओढ्यालगतच्या वस्तीवर, पोचलो आणि पोलिसांची जीप पाहून दोन मिनिटांत सगळे पुरुष जंगलात पळाले. सभेची गणपूर्ती मी अशी आणखी खाली आणली.

"गाडी मांगं ने," मोठीमाय ओरडली. "टोपी काढ. जोडेही काढ. अक्षत काय जोडे घालून देतेत का?"

मग मी आयुष्यातली सर्वांत विचित्र गस्त घातली. पायात मोजे, हातात पळसाची पुडी, पुढे मोठीमाय, मागे जंगलाकडे तोंड करून हाका मारणारा हवालदार: "या हो भाऊ! पकडाले नाही आलो! अक्षत आणली!"

पहिल्या उंबऱ्यावर मी सवयीने म्हणालो, "चला, बारा वाजता हजर राहा."

मोठीमायने माझ्या दंडाला चिमटा काढला. "हुकूम नको करू. हातावर ठेव, आणि 'या' म्हण. बस."

पंचवीस वर्षांच्या नोकरीत 'या' हा शब्द मी अनेकदा वापरला होता. पण समोरच्याला न येण्याची मुभा ठेवून कधीच नाही. जमायला चार घरं लागली.

पाचव्या दारात एक म्हातारा बसला होता. गुडघेदुखीमुळे पळाला नसावा. त्याने पुडी घेतली, माझ्या मोज्यांकडे पाहिलं.

"नाई आलो त?"

"नाही आलात तर नाही आलात, बाबा."

त्याने पुडी कनवटीला लावली. मग काठी शोधत उठला. "मंग येतो."

हळूहळू जंगलातूनही माणसं परतली. बाराला थोडं कमी असताना सगळे शाळेसमोर जमले. सचिव वही घेऊन बसला. आता पुढे काय होतं ते पाहायला मी भिंतीला टेकून उभा राहिलो. मोठीमाय सरळ माझ्याकडे आली.

"आता तू जाय."

"मी काही बोलणार नाही, माय. नुसता बघतो."

"तुह्यासमोर हात वर केले त उद्या म्हणतीन, पोलिसानं कराले लावले. शिवेच्या बाहीर जाय."

तिचं म्हणणं कायद्याने बरोबर होतं आणि माणसांच्या दृष्टीनेही. हवालदार आणि मी गावाच्या शिवेबाहेर एका मोहाच्या झाडाखाली जाऊन बसलो. तिथून शाळेचं छप्पर दिसत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. अर्धा तास झाला. तास झाला. इतकी उत्सुकता मला स्वतःच्या बढतीच्या वेळीही वाटली नव्हती.

"विचारून येऊ का?" हवालदार म्हणाला.

"नको," मी म्हणालो. दोन दिवसांत तो पहिल्यांदा हसला.

शेवटी मोठीमाय चालत आली.

"भरली सभा?"

"भरली."

"काय ठरलं?"

"आमचं आम्ही ठरवलं," ती म्हणाली. "तुह्या जीपमधी पाच पुड्या राह्यल्या. दे."

संध्याकाळी मी रोजनामच्यात लिहिलं, 'तांदूळ, पाने व नळकांडे मूळ मालकास परत.' रोजनामच्यातली जुनी नोंद खोडता येत नाही, त्यामुळे माझा गाढवपणा आजही तिथे सुवाच्य अक्षरात असेल. वरून फोन आला, काही हालचाल? मी निरंक म्हणालो, आणि निरंक म्हणताना पहिल्यांदाच खोटं बोलल्यासारखं वाटलं.

मी देश स्वतंत्र झाल्यानंतर जन्मलो. झेंड्याला सलामी देत नोकरी केली. तरी चार माणसं आपलं आपण ठरवायला जमताहेत म्हटल्यावर माझा हात आधी पंचनाम्याकडे गेला. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. त्या छपराच्या परवानगीतल्या अटीसारखंच, एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर उतरत आलेलं होतं. तेव्हापासून मी एक नियम पाळला: संशय आला की आधी हवालदाराला विचारून यायला पाठवायचं. माझ्या हाताखालची पोरं याला माझी तपासपद्धती म्हणत. मी त्यांना कधी खरं सांगितलं नाही.

सभा भरली तरी कागद पुढे सरकायला फार वर्षं लागली. मी निवृत्त झालो, हवालदार गेला. गेल्या पौषात सकाळी बायको अंगणातून आत आली. हातात पळसाच्या पानाची पुडी.

"कोणी बाई देऊन गेली. म्हणे मोठीमायनं पाठवली. अहो, पौषात कोणाचं लग्न?"

मी पुडी उघडली. तांदळाला हळद ओलीच होती.

"लग्न नाही," मी म्हणालो आणि चपला शोधायला लागलो. "गोरा साहेब निघालाय. त्याला पोचवायला बोलावलंय."