एक अक्षर बदलायचं नाही

महानंदा हूगार या बाईंबद्दल बेविनगुड्डीत प्रत्येकाचं एक मत होतं आणि ते बाईंच्या तोंडावर सांगायची एकाचीही छाती नव्हती. पोरं पाठीमागे त्यांना 'सुई' म्हणत. बाप्ये म्हणत, बाई वाकडी आहे पण शिकवते सरळ. बायका म्हणत, नवरा हुबळीला, ही इथं, म्हणून सगळा राग पोरांवर काढते. यातलं काही खरं होतं, काही नव्हतं. बाईंनी कधी चौकशी केली नाही. बावीस वर्षं त्या या गावात राहिल्या, पण गावाला आपल्याबद्दल काय वाटतं हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. शेवटी सरकारनं विचारलं आणि सगळा घोटाळा तिथून झाला.

हायस्कूल कसलं, आठवी ते दहावीच्या तीन खोल्या. त्यातली एक गळकी. मुलींच्या संडासाला दार नव्हतं, गोणपाट होतं. गणिताच्या मास्तरांची बदली होऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून कन्नड शिकवणाऱ्या बाईच गणितही शिकवत; म्हणजे आधी घरी बसून स्वतः शिकत, मग पोरांना शिकवत. मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा ती खुर्चीही बाईंच्याच गळ्यात पडली. उरलेले दोन मास्तर कोप्पळहून येत, बस मिळाली तर. पटावर एकतीस पोरं, त्यात सतरा मुली. ही सतराची संख्या बाईंनी घरोघरी उंबरे झिजवून जमवली होती आणि तिचा त्यांना गर्व होता.

बाईंचं खरं दैवत मात्र उक्तलेखन, म्हणजे श्रुतलेखन. शनिवारी सकाळच्या शाळेत पदर खोचून त्या बाकांमधून फिरत आणि वाक्य एकदाच म्हणत. "कान उघडे, तोंड बंद. मी बोलते तेच उतरवायचं. स्वतःची अक्कल पाजळायची असेल तर निबंधात पाजळा. इथं एक अक्षर बदलायचं नाही." एकानं 'गेला'च्या जागी 'निघून गेला' लिहिलं होतं, तर त्याला पान पुन्हा दहादा लिहायला लावलं.

या परीक्षेत कधीच न चुकणारी एकच मुलगी होती, नववीतली हुलिगेम्मा. दुर्गप्पाची धाकटी. थोरलीचं लग्न त्यानं नववीतच उरकलं होतं. बाई मांडवात जाऊन भांडल्या, पोलिसांत जाईन म्हणाल्या, काही उपयोग झाला नाही. त्यानंतर तीन महिने दुर्गप्पा बाईंना बघून रस्ता बदलायचा. मग एक दिवस स्वतःच शाळेत आला आणि देवीची शपथ घेऊन म्हणाला, "अक्कोरू, धाकटीला धावी करू देतो. गावात शाळा हाय तवर शिकवतो. पण गावाबाहेर पोर पाठवणार न्हाय, सांगून ठिवतो." अक्कोरू म्हणजे बाईच, त्या भागात शिकवणारीला तसंच म्हणतात. बाईंना तेवढा शब्द पुरेसा होता. शाळा काय, कुठे पळून जात नव्हती.

जानेवारीत तालुक्याहून कागद आले. पालकांचे अभिप्राय पिवळ्या कागदावर, विद्यार्थ्यांचे पांढऱ्या. सोबत पत्र होतं की चाळीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांपैकी जिथले पालक समाधानी नसतील, ती शाळा शेजारच्या शाळेत विलीन होईल. शेजारची शाळा म्हणजे होसूरकट्टी. नऊ किलोमीटर, मध्ये ओढा, बस नाही.

दुसऱ्याच दिवशी होसूरकट्टीचे अंगडी सर मोटारसायकलवरून आले. माणूस लबाड, पण बाईंबद्दल त्यांना आदर होता.

"अक्कोरू, फॉर्म वाटले नाहीत ना अजून? वाटू नका. आम्ही काल सगळे मास्तर बसून लिहून काढले. तीन रंगांची पेनं वापरली. आता नुसते अंगठे घेत फिरायचं."

"म्हणजे पालकांचं मत पालकांना विचारायचंच नाही?"

"विचारा की. लिहू नका म्हणजे झालं."

"मला नाही जमायचं ते, सर."

अंगडी सरांनी चहा संपवला. "तुम्हाला हे लोक बावीस वर्षांत कळले नाहीत," असं म्हणून ते गेले.

ते बरोबर बोलले होते. पावसात पडलेल्या घरांची सरकारी पाहणी झाली तेव्हा बेविनगुड्डीत ज्यांनी 'एकच भिंत गेली' असं खरं सांगितलं, त्यांना काही मिळालं नाही. ज्यानं रातोरात उरलेल्या तीन भिंती स्वतःच ढकलल्या, त्याला घर मिळालं. दुष्काळाच्या यादीतही जो जास्त रडला त्याचंच नाव वर. सरकारी कागद दिसला की रडायचं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणत होतं. बाईंनाही हे ठाऊक होतं. पण शाळेबद्दल गाव खरं बोलेल असं त्यांना वाटलं, कारण शाळा म्हणजे त्या स्वतः. त्यांच्या मनात अभिमान होता, दुसरं काही नाही.

शनिवारी त्यांनी कागद वाटले. "पालकांना लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा. ते सांगतील तेच. कसं?"

"एक अक्षर बदलायचं नाही," वर्ग एका सुरात ओरडला.

शाळा बंद पडू शकते, हे त्यांनी सांगितलं नाही. तसं सांगणं म्हणजे मतं मागणं, असं त्यांना वाटलं. सोमवारी कागद आले. न वाचता त्यांनी दोन गठ्ठे बांधले, लाखेचं सील मारलं आणि पाठवून दिले. कुणाला सांगितलं असतं तर हसलाच असता, पण त्या दिवशी त्या ताठ मानेनं घरी गेल्या.

फेब्रुवारीत तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब आले. शाळेच्या अंगणात कडुनिंबाखाली सतरंजी घातली होती, चुरमुरे आणि मिरचीभज्यांची सोय होती. दुर्गप्पा धुतलेला पटका बांधून पहिल्या रांगेत बसला होता. साहेबांनी गठ्ठा सोडला आणि एक पिवळा कागद वाचायला घेतला. "'शाळा कसल्याच कामाची नाही. छप्पर उद्या पोरांच्या डोक्यावर पडेल. मास्तर येत नाहीत. बाई एकटी, ती काय शिकवणार! पोरांचं वाटोळं झालं.' दुर्गप्पा कोण?"

"म्याच, सायेब!" दुर्गप्पा उभाच राहिला. "आनी संडासाचं ऱ्हायलं बगा त्यात. त्येला दार न्हाय."

"माझं पन वाचा की," मागून कुणीतरी ओरडलं. "माझ्यात त्येच्यापरास जास्त हाय!"

लोक हसले. बाई खुर्चीत बसल्या होत्या. हुलिगेम्माचं अक्षर त्यांनी लांबूनच ओळखलं होतं. त्यांनीच ते वळणावर आणलं होतं.

"सत्तावीस पालकांपैकी पंचवीस जणांचं हेच म्हणणं आहे," साहेब म्हणाले. "सरकार तुमच्या मताचा मान राखणार." टाळ्या पडल्या. "जूनपासून तुमची मुलं होसूरकट्टीच्या चांगल्या शाळेत जातील. तिथले पालक शंभर टक्के समाधानी आहेत."

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. मागच्यांना नीट ऐकू गेलं नव्हतं. दुर्गप्पा अजून उभाच होता. "बरं, सायेब. पन हितली नवी शाळा कवा बांदणार?"

बाई उठल्या. "साहेब, लोकांना कळलेलं नाही. त्यांना वाटलं, तक्रार लिहिली की दुरुस्ती होईल. मुलांचे कागद वाचा. पांढरे."

"मुलांची मतं नुसती नोंदीला असतात, बाई. निर्णय पालकांच्या मतावर." साहेबांनी चष्मा काढला. "हे कागद तुम्ही घरी पाठवले होते ना? तुमची काही ढवळाढवळ?"

"नाही."

"मग झालं तर. खरं सांगू? तालुक्यात इतकं प्रामाणिक काम फक्त तुमच्या शाळेत झालंय."

साहेबांची गाडी गेली आणि गाव बाईंवर उलटलं. इतकी वर्षं तोंडावर न आलेली सगळी मतं त्या दिवशी आली. बाईला बदली हवी होती, म्हणून केलं. बाईला नवऱ्याकडं जायचंय. दुर्गप्पा मात्र ओरडला नाही. पटका हातात घेऊन तो पायरीवर बसला होता.

"अक्कोरू, तुमी वाचलं न्हाय व्हय आधी?"

"नाही."

"का वो? आमी अडाणी मानसं. आमी रडायचं आन तुमी निस्तरायचं, न्हाय का? त्या अंगडी मास्तरला जे कळतं, ते तुमाला कळू नये?"

बाईंना राग आला, लाज वाटली आणि पुन्हा राग आला.

पांढरा गठ्ठा साहेब विसरूनच गेले होते. आठवडाभरानं बाईंनी तो सोडला. हुलिगेम्माचा कागद तिसरा होता. 'आमची शाळा मला आवडते. खोली गळते तेव्हा आम्ही दुसऱ्या खोलीत बसतो. अक्कोरूंना गणित कमी येतं, पण त्या रोज येतात. मला दहावी इथेच करायची आहे.' चूक एकही नव्हती. बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि डोळे पुसले.

जूनमध्ये बाई होसूरकट्टीला रुजू झाल्या. बेविनगुड्डीची मुलं सायकलींवरून आली. सतरा मुलींतल्या दहावी झालेल्या सोडल्या, तर आल्या तीन, त्याही ओढ्याला पाणी येईपर्यंत. अंगडी सर त्यांच्याशी चांगले वागले, चहा पाजला, एकदाही 'मी म्हणालो होतो' असं म्हणाले नाहीत. तेच बाईंना जास्त लागलं.

जुलैतल्या एका रविवारी त्या बेविनगुड्डीला गेल्या. दुर्गप्पानं बाज टाकली, पाणी दिलं. बाईंनी विषय काढण्याआधीच तो म्हणाला, "श्रावणात लगीन धरलंय. गावात शाळा हाय तवर शिकवतो म्हनलो होतो, अक्कोरू. शबुद मोडला न्हाय म्या." तो टोमणा नव्हता. म्हणून त्यांना भांडता येईना. तरी त्या भांडल्या, पोलिसांचं नाव घेतलं, पुन्हा काही उपयोग झाला नाही.

हुलिगेम्मा शेंगांच्या रानात खुरपत होती. बाईंना बघून उठली, हात परकराला पुसले. दोघी बांधावर बसल्या. पोरगी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

"अप्पा सांगत होता तवाच मला कळत होतं, खोटं हाय म्हणून," ती म्हणाली. "दोनदा पेन थांबवलं. अप्पा म्हनला, काय गं, लिही की. मग तुमची आठवण झाली. एक अक्षर बदलायचं न्हाय."

तिनं बाईंकडे मान वळवली.

"तुम्हीच सांगा, अक्कोरू. बदलायला पायजे होतं का?"

बावीस वर्षं त्यांनी ज्या वाक्यासाठी पोरांना पानंच्या पानं लिहायला लावली होती, ते त्यांच्या तोंडाशी आलं. त्यांनी पोरीच्या मातीनं भरलेल्या हाताकडे पाहिलं.

"हो," बाई म्हणाल्या. "बदलायला हवं होतंस, बाळ."

हुलिगेम्मानं मान हलवली, खुरपं उचललं आणि राहिलेल्या सरीत जाऊन बसली.