पटका बांधून होईपर्यंत

मोतीराम ट्रॅक्टरवरून उतरत नसे, उडी मारत असे. चाक पुरतं थांबायच्या आत त्यानं इंजिन बंद करायची दांडी ओढलेली असायची, आणि इंजिनानं शेवटचा आचका देईपर्यंत त्याचा उजवा पाय जमिनीवर. जेवायला बसला तरी एक गुडघा वर, उठायच्या तयारीत. सदऱ्याची बटणं तो रस्त्यात लावायचा. डोक्याला पटका गुंडाळायचा तोही एका हातानं, दुसरा हात स्टेअरिंगवर; त्यामुळं पटक्याचं एक टोक कायम डाव्या कानावर लोंबत असायचं. लग्नात अंतरपाट पुरता खाली यायच्या आधीच ह्यानं वरून हार फेकला आणि तो नवरीऐवजी नवरीच्या मामाच्या गळ्यात पडला. द्वारकाबाई ही गोष्ट हसत हसत सांगायची, पण शेवटी एक सुस्कारा असायचाच.

"अहो, कुणी मागं लागलंय का?" ती विचारायची.

"मेंढरं कधी कुणासाठी थांबतेत का? मग मेंढक्या कसा थांबंल?"

मेंढरं जाऊन जमाना लोटला होता. खुलताबादेकडं चराईची रानं आटत गेली, तसा दोघांनी कळप विकला, त्यातून एक जुना ट्रॅक्टर आणि पाण्याची टाकी घेतली, आणि शहराच्या कडेला येऊन राहिले. कळपातली निम्मी मेंढरं द्वारकाबाईला माहेरहून आंदण आलेल्या कोकरांची पैदास होती. त्यामुळं ट्रॅक्टरच्या एखाद्या नटाला हात लावायचा तरी तिला विचारल्याशिवाय लावायचा नाही, हे घरात ठरलेलं होतं. कुणी ठरवलं, ते विचारायची हिंमत मोतीरामनं कधी केली नाही.

त्याच शहराच्या सातारा नावाच्या भागामागं, डोंगराच्या अंगाला भैरोबा टेकडी नावाची वस्ती आहे. खालची गल्ली आणि वरची गल्ली. पाण्याची पाइपलाइन खालच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली होती. पुढं सगळा कारभार टँकरवर. खालच्या गल्लीपर्यंत ट्रॅक्टर नीट जायचा. तिथून पुढं कडुनिंबाजवळ एक वळण होतं, आणि वळणानंतर असा चढ की मोकळा माणूससुद्धा कमरेवर हात ठेवून एकदा उभा राहतो. भरलेली टाकी घेऊन मोतीरामचा ट्रॅक्टर त्या वळणावर काळा धूर ओकायचा, धापा टाकायचा आणि पुढची चाकं उचलायला लागायचा. म्हणून तो निम्मं पाणी खालच्या गल्लीत रिकामं करायचा आणि निम्मं घेऊन वर जायचा. त्यातही सुख नव्हतं. अर्धी टाकी घेऊन चढाला लागलं की आतलं पाणी धाडकन मागं जायचं आणि ट्रॅक्टरला शेपटी धरून ओढल्यासारखं ओढायचं.

वरच्या गल्लीची पुढारी पारूबाई. तिच्या अंगणात सिमेंटचा हौद होता. तो आजवर निम्म्याच्या वर कधी भरला नव्हता. वरचा निम्मा कोरडा भाग फुकट का घालवायचा, म्हणून तिनं आतल्या बाजूनं एक खिळा ठोकला होता आणि त्याला दोरीनं दुधाची बरणी टांगलेली असायची. खाली पाणी, वर सावली. दूध संध्याकाळपर्यंत टिकायचं.

"फ्रीज कशाला पाहिजे?" ती बायांना सांगायची. "मोतीरामचं पाणी बरणीपर्यंत चढंल तेव्हा बघू."

तिनंच त्याचं नाव 'अर्धा मोतीराम' ठेवलं. पाणी वर जायला त्रास देत होतं, नाव मात्र उतारानं भराभर खाली आलं. खालच्या गल्लीतली पोरं म्हणू लागली, किराणेवाला म्हणू लागला. एकदा द्वारकाबाई दळण आणायला गेली तर गिरणीवाल्यानं डब्यावर खडूनं नाव लिहिलेलं: 'अर्धा'. तिनं पदरानं ते पुसलं आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं नाही. पण त्या दिवशी भाकरी जरा जास्तच जोरात थापली गेली.

उन्हं तापायला लागली तशी पारूबाईनं बातमी दिली. "मोतीराम, पाडव्यापासून आम्ही दुसरा टँकर लावायलोत. मोठा ट्रक हाय त्याचा. पूर्ण भरून वर येतो म्हणतो."

"मावशी, इतकी वर्सं मीच पाणी दिलंय की."

"दिलं की. अर्धं."

मोतीराम तिथून निघाला तो थेट उस्मानपुऱ्यात, कडुबा मिस्त्रीकडं. कडुबा त्याचा जुना दोस्त, ट्रॅक्टरची नाडी त्याला पाठ. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझ्या इंजिनाला दम कमी पडतो. टर्बो बसव."

सायलेन्सरमधून जो गरम धूर वाया जातो, त्याच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो. तो दुसऱ्या पंख्याला फिरवतो, आणि तो दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त, की डिझेल नीट जळतं, की ताकद वाढते. कडुबानं हे सगळं चहाच्या दोन कपांवर समजावलं.

"मग बसवून दे," मोतीराम कपासकट उठला.

"नाय देत."

"काहून?"

"तुझ्यामुळं. टर्बोचा पंखा तापून लाल झालेला असतो, भिंगरीसारखा फिरत असतो. त्याला तेल मिळतं ते इंजिन चालू असेपर्यंत. चढ चढून आल्यावर मिनिटभर इंजिन हळू चालू ठेवायचं, पंखा निवू द्यायचा, मग बंद करायचं. तू काय करतो? गाडी थांबायच्या आधी दांडी ओढतो. पंखा कोरडा फिरंल, आतलं तेल करपंल, महिन्यात टर्बो भंगारात. अन् मग म्हणशील, कडुबानं फसवलं. ही जिम्मेदारी मी नाय घेत, भाऊ."

"मग मीच बसवतो!"

"बसव. नट आवळायला तू माझ्याहून हुशार हायेस. नट आवळल्यावर काय, ते बघ."

मोतीराम तणतणत घरी आला. वाटेत जाफर गेटच्या भंगार बाजारात त्यानं एक चांगला टर्बो हेरला होता, मोबाइलवर त्याचा फोटोही होता. तो बायकोपुढं धरून त्यानं सगळं सांगितलं. करपणाऱ्या तेलाचा भाग तेवढा गाळला.

द्वारकाबाईनं फोटो लांब धरून पाहिला. "म्हणजे फुंकणीच की. चुलीचाच धूर चुलीला फुंकतो."

"तसंच समज."

"अन् कडुबाभाऊ काहून बसवून देत नाय?"

मोतीराम ज्वारीच्या पोत्याकडं बघू लागला. द्वारकाबाईनं फोन लावला. कडुबाचं बोलणं बराच वेळ चाललं. ती फक्त "हूं" म्हणत होती आणि अधूनमधून नवऱ्याकडं पाहत होती. फोन ठेवून ती म्हणाली, "इंजिन खोलायचं का नाय, ते पंधरा दिवसांनी सांगते. आधी टर्बो नसताना थांबून दाखवा. रोज, प्रत्येक ठिकाणी. मिनिटभर. ते जमलं तर खोला. नाय जमलं तर माझी मेंढरं मी दुसऱ्यांदा विकायला काढणार नाय."

"मिनिटभर थांबायला काय लागतं?"

लागतं, हे त्याला त्याच दुपारी कळलं. दारात ट्रॅक्टर आला. द्वारकाबाई तव्यापुढं कान देऊन बसलेली. भडभड भडभड, आणि गप्प. उडीचा आवाज.

"एक," ती आतूनच ओरडली.

दुसऱ्या दिवशी तो ठरवून बसला, पण मागं नळी घेतलेल्या बायांनी "सोडा की पाणी" म्हणताच हात आपोआप दांडीकडं गेला. तिसऱ्या दिवशी तो मनात आकडे मोजू लागला आणि विसाच्या आत वैतागला. रिकाम्या हातांचं करायचं काय, हा खरा प्रश्न होता. पूर्वी तंबाखू मळण्यात मिनिट जायचं. ती द्वारकाबाईनंच सोडवली होती.

"तंबाखू असती तर जमलं असतं," तो म्हणाला. आवाजात थोडी आशा होती.

"व्हय, अन् बिडीपण देते, तपकीरपण देते." तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. कानावर लोंबणारं ते टोक, वर्षानुवर्षं तिच्या डोळ्यांत सलणारं. "असं करा. गाडी थांबली की पटका सोडायचा. झटकायचा. दोन्ही हातांनी नीट बांधायचा, टोक आत खोचायचं. मग दांडी."

"लोक हसतील."

"आता रडतेत का तुम्हाला बघून?"

मोतीरामला पटलं नाही, पण हातांना पटलं. पटका सोडला, धूळ झटकली, पहिला वेढा, दुसरा वेढा, टोक मागं खोचलं. तोवर इंजिन हळू धपधपत राहिलं आणि मिनिट कधी सरलं ते कळलंही नाही. उरलेल्या दिवसांत दोनच चुका झाल्या. द्वारकाबाईनं एक माफ केली. दुसरी माफ केली कारण त्या वेळी पुढं खरोखर गाय आडवी आली होती. शिवाय नवरा आता चारचौघांत नेण्यासारखा दिसायला लागला होता. हे ती बोलली नाही.

"खोला," ती म्हणाली. "पण दोन कामं बाहेर. टर्बो जोडायचा तुकडा चिकलठाण्याला लेथवर करून आणायचा, अन् इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाला तुम्ही हात लावायचा नाय. ते पंपवाल्याचं काम. बाकी तुमचं."

धुळवडीच्या दिवशी रंगापायी सगळं बंद असतं, तेव्हा अंगणात इंजिन उघडलं गेलं. द्वारकाबाईनं आपली जुनी परात नट-बोल्ट बुडवायला दिली आणि नवी परात आत ठेवून दाराला बाहेरून कडी लावली. मोतीरामची घाई इथंही होतीच, पण ती हातांत उतरली होती. कुठला पाना कुठं लागेल हे त्याला न बघता कळत होतं. सायलेन्सरकडचं नळकांडं काढलं, टर्बो टांगला, लेथचा तुकडा मध्ये बसवला, तेलाची बारीक नळी जोडली, तेल परत उतरायची जाड नळी जोडली. दुकान बंद म्हणून मोकळा असलेला पंपवाला घरी येऊन आपलं काम करून गेला. दोघांनी नारळ फोडला आणि मोतीरामनं इंजिन चालू केलं.

सायलेन्सरमधून निळाशार धूर. शेजारीण दोरीवरचे कपडे काढायला पळाली.

मोतीरामचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्यानं पाना फेकला असता. पण त्याचे हात डोक्याकडं गेले. त्यानं पटका सोडला, झटकला, सावकाश बांधला, मग इंजिन बंद केलं आणि खाली वाकून बघत बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "परतीची नळी मध्येच वर चढलीय. तेल उतरायचं तर सरळ उतार पाहिजे. ते तुंबायलंय अन् धुरातून बाहेर पडायलंय."

"मोरीसारखं."

"मोरीसारखंच."

नळी कापली, सरळ उतारावर बसवली. पुन्हा चालू केलं. धूर विरळ होत होत राखाडी झाला, मग दिसेनासाच झाला, आणि इंजिनाच्या भडभडीमागून एक बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली. द्वारकाबाईनं कडी काढून चहा टाकला.

पाडव्याच्या सकाळी मोतीरामनं टाकी काठोकाठ भरली. द्वारकाबाई न सांगता मडगार्डवर येऊन बसली, नवं लुगडं नेसून. "पडला तर दोघंबी पडू," ती म्हणाली. खालची गल्ली गुढ्या उभारत होती. ट्रॅक्टर न थांबता पुढं गेला तसे लोक काठ्या धरून बघत राहिले. "अरे, अर्धं इथं उतरव की! वर कसा जाशील?" किराणेवाला ओरडला.

कडुनिंबाचं वळण आलं. इथं मोतीरामचा हात नेहमी आपोआप पहिल्या गिअरकडं जायचा. तो गेला, आणि परत आला. ट्रॅक्टर दुसऱ्या गिअरमध्येच होता. शिट्टी चढत गेली, इंजिनानं खालच्या आवाजात एक जोर लावला, पुढची चाकं जमिनीला चिकटून राहिली. टाकी भरलेली होती, म्हणून पाणी मागं उसळलं नाही. द्वारकाबाईनं मडगार्डाची कड इतकी घट्ट धरली की बांगडी रुतली. झाड मागं पडलं. मग चढही मागं पडला.

वरच्या गल्लीत सगळ्या बाया नळ्या घेऊन पुढं आल्या. पारूबाईनं कपाळावर हात धरून टाकीकडं पाहिलं; झाकणाच्या फटीतून पाणी ओघळत होतं.

"बंद कर की ते धूड!" ती म्हणाली. "बोललेलं ऐकू येईना!"

मोतीराम जागचा हलला नाही. त्यानं पटका सोडला.

"अरे, पाणी सोड! पाडव्याला नवरदेव व्हायलास का?"

बाया हसल्या. त्यानं पटका झटकला. पहिला वेढा. इंजिन हळू धपधपत होतं, शिट्टी खाली खाली येत होती. दुसरा वेढा. द्वारकाबाई मडगार्डवर सरळ समोर बघत बसली होती, फोटो काढायला बसल्यासारखी. टोक मागं खोचून झालं, तेव्हा मोतीरामनं दांडी ओढली. मग तो उतरला. उडी न मारता, पायरीवर पाय ठेवून.

पिंपं भरली, रांजण भरले, बादल्या भरल्या. तरी टाकीत पाणी होतं. शेवटी नळी पारूबाईच्या हौदात पडली. पारूबाई गुढीला साखरेची माळ घालायला गेली, कारण निम्मा हौद भरायला किती वेळ लागतो ते तिला पाठ होतं. त्याच्या दुप्पट वेळ गेला. हौदातून 'टण्ण' असा आवाज आला. ती वळून बघते तर दोरी सैल पडलेली आणि बरणी पाण्यावर डुलत भिंतीला धडका देत होती.

"अगं बाई, माझं दूध! बंद कर, बंद कर रे अर्ध्या!"

अख्खी गल्ली खदखदून हसली. पारूबाईनं जीभ चावली. हौदात वाकून तिनं बरणी उचलली, झाकण घट्ट होतं हे पाहिलं, आणि ओल्या हातांनी ती छातीशी धरून उभी राहिली. पाणी काठावरून एकदा सांडलं आणि तिच्या पायांवर आलं. ती मागं सरली नाही.

"मोतीराम," ती म्हणाली, "आता मी दूध कुठं टांगू?"

"टांगू नका, मावशी," द्वारकाबाई मडगार्डवरून उतरत म्हणाली. "चहा करा त्याचा. सगळ्या गल्लीला."

चहा झाला. पारूबाईनं ट्रकवाल्याला फोन करून 'येऊ नको' म्हणून सांगितलं आणि मोतीरामसाठी खास चटई अंथरली. मोतीरामनं मात्र तो उभ्यानंच घेतला, दोन घोटांत, कारण खालची गल्ली वाट बघत होती.